झाडावरच्या मुंग्या : औषध मारण्याआधी





गेल्या अंकात जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील वाड्यांची छायाचित्रे छापली होती. त्यांपैकी एका काजूच्या बुंध्यावर मुंग्यांची लांब रांग दिसत होती. ते पाहून आपल्यापैकी काहींनी काळजीने पत्रे लिहिली. झाडांना मुंग्या लागल्या आहेत, तर औषधासाठी मंडळीतून वेगळी वर्गणी काढू का, असा त्यांचा प्रश्न होता. एका भगिनीने आपल्या अंगणातल्या सीताफळाची तक्रार लिहिली : फळे पांढरी, पाने काळी आणि खोडावर मुंग्याच मुंग्या. एका बंधूंनी चर्चच्या आवारात लहान मुले खेळतात तिथे लाल मुंग्या चावतात, त्यांचे काय करावे, असे विचारले. मी या भागात फळबागांचे काम पाहते. पाड्यांवरही हेच प्रश्न मला रोज विचारले जातात. म्हणून या वेळी सगळ्यांना मिळून एकच उत्तर लिहीत आहे.

उत्तर थोडक्यात असे : औषधासाठी वर्गणी काढू नये. झाडावरची मुंगी हा बहुतेक वेळा झाडाचा रोग नसतो. दुसरे काही बिघडले असेल तर ती त्याची खूण असते, आणि काही झाडांवर तर ती राखणदार असते. कोणती मुंगी कशासाठी आली आहे हे पाहिल्याशिवाय विष टाकले, तर पैसे जातात, झाडाचे नुकसान तसेच राहते आणि घरातली मुले-कोंबड्या धोक्यात येतात.

वाडी म्हणजे काय हे नव्या वाचकांसाठी सांगते. डोंगरउतारावरच्या साधारण एक एकर जमिनीत आंबा आणि काजूची कलमे, कडेने सागरगोटा, करवंद किंवा निवडुंगाचे कुंपण, आणि मधल्या जागेत भात, नागली, वरई किंवा भाजीपाला अशी ही रचना असते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा कुटुंबांकडे पावसाळी पीक सोडले तर दुसरे उत्पन्न फारसे नसते. भातकापणी झाली, दिवाळी सरली, की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा सुटते ती तिथेच. आंबा-काजू धरू लागले तर निदान काहीजणांना गावात राहता येते. म्हणून एकेका झाडाची काळजी आम्हाला इतकी वाटते.

मुंग्या झाडावर का चढतात?

आपल्याकडच्या मुंग्या झाडाची पाने कुरतडून खात नाहीत. पाने कापून नेणाऱ्या मुंग्या अमेरिका खंडात आहेत, आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे मुंगी झाडावर चढते ती चार कारणांसाठी.

पहिले कारण म्हणजे गोड रस. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड हे कोवळ्या फांदीत सोंड खुपसून झाडाचा रस पितात. त्यांना त्यातले थोडेच पचते. जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. मुंग्या हे थेंब चाटतात. बदल्यात त्या या किडींची राखण करतात. ढालकिडा, म्हणजे पाठीवर ठिपके असलेला तो छोटा गोल भुंगेरा, मावा खायला आला तर त्याला हुसकावून लावतात. गुराखी गुरे राखतो तसाच हा प्रकार आहे. उरलेला चिकट रस पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसतात.

दुसरे कारण म्हणजे झाडाचा स्वतःचा मध. तो फुलांत तर असतोच, पण काजू, चवळी अशा झाडा-वेलींना फुलांच्या बाहेरही मधाचे बारीक बिंदू येतात. तिसरे कारण शिकार : अळ्या, तुडतुडे, किड्यांची अंडी. चौथे कारण घर : पोकळ फांदी, सालीखालची फट किंवा पानांचे घरटे.

यांपैकी फक्त पहिल्या कारणात झाडाचे नुकसान होते, आणि तेही मुंगी करत नाही, ती ज्यांना राखते ते किडे करतात. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशी माणसाला मुंगीचे वागणे नीट पाहायला सांगितले आहे. बागेतही तेच आधी करावे. रांग धरून डोळ्यांनी वर वर जावे. रांग जिथे थांबते तिथे पान उलटून पाहावे. पाच मिनिटांत कारण कळते.

कोणती मुंगी आहे?

शास्त्रीय नावांची गरज नाही. अंगणात आणि बागेत ओळखायचे प्रकार मोजकेच आहेत.

मोठे काळे मुंगळे, ज्यांना काही ठिकाणी डोंगळे म्हणतात, ते बहुधा गोड रसासाठी झाडावर चढतात आणि कुजक्या लाकडात किंवा जमिनीत राहतात. बारीक काळ्या मुंग्या घरात साखरेला लागतात, त्याच झाडावर माव्याकडेही जातात. पोटाचे टोक बदामासारखे निमुळते आणि डिवचले की ते वर उचलणाऱ्या मुंग्या फांदीवर मातकट रंगाचा, कागदाच्या लगद्यासारखा गोळा बांधतात. तो गोळा सहसा तसाच ठेवावा. जमिनीत राहणाऱ्या बारीक लाल मुंग्या पायावर चढून डंख करतात आणि आग होते. रोपवाटिकेच्या वाफ्यात बी पळवणाऱ्यांत त्याही असतात.

आणि शेवटी झाडावरच्या मोठ्या तांबूस मुंग्या, ज्या हिरवी पाने एकमेकांना शिवून मुठीएवढे किंवा नारळाएवढे घरटे करतात. कोकणात त्यांना हुमले म्हणतात, कुठे ओंबील म्हणतात. त्यांच्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे, कारण त्यांना बाकीच्यांसारखे वागवून चालत नाही.

चिकट, काळ्या पानांच्या झाडाचे काय करावे?

सीताफळ, पेरू, लिंबू, जास्वंद, आंबा, यांपैकी कोणतेही झाड असो, खालील क्रम पाळावा. हेच उत्तर सीताफळाविषयी लिहिणाऱ्या भगिनीसाठीही आहे.

१. सर्वांत जास्त कीड असलेले शेंडे आणि फळे कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवावीत. तशीच झाडाखाली टाकू नयेत, कारण किडे पुन्हा वर चढतात.

२. बाकी झाडावर पाण्याचा जोराचा फवारा मारावा, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूने. मावा एवढ्यानेच बराच कमी होतो. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा पांढरा थर असतो, त्यामुळे त्याला साबण लागतो.

३. पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. एका घराला दहा लिटर पुरतो. त्यासाठी अर्धा किलो निंबोळीचा गर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून पिळून गाळावा, त्यात वीस ग्रॅम साधा साबण विरघळवावा आणि पाणी घालून दहा लिटर करावे. हा अर्क त्याच दिवशी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारावा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावा. झाड फुलोऱ्यात असेल आणि मधमाश्या येत असतील तर थांबावे.

४. मुंग्यांची वाट बंद करावी. बुंध्याभोवती, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, वीतभर रुंदीची जाड प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधावी. सालीच्या खाचांतून मुंग्या पट्टीखालून जातात, म्हणून आधी त्या खाचा ओल्या मातीने लिंपून घ्याव्यात. मग पट्टीवर ग्रीसचा थर द्यावा. ग्रीस थेट सालीला लावू नये, साल खराब होते. दर आठवड्याला पट्टी पाहावी, कारण धूळ आणि पाने चिकटली की त्यांवरून मुंग्यांचा पूल तयार होतो.

५. बाकीचे पूल तोडावेत. भिंतीला, कुंपणाला, विजेच्या तारेला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि बुंध्याजवळचे उंच गवत काढावे. एक फांदी जरी टेकलेली राहिली तरी पट्टीचा उपयोग होत नाही. तारेजवळची फांदी मात्र स्वतः छाटू नये, वीज मंडळाच्या माणसाला बोलवावे.

६. मग धीर धरावा. राखण उठली की ढालकिडे येतात आणि उरलेले काम करतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, पिंजारलेली असते. फरक असा की पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही आणि ही अळी भराभर चालते. चालणारी पांढरी अळी दिसली तर तिला मारू नये. ती आपल्या बाजूची आहे.

काळी बुरशी वेगळी धुवायची गरज नसते. गोड रस पडायचा थांबला की ती वाळते आणि पावसाने सुटून जाते.

अंगणातल्या चावणाऱ्या मुंग्या

चर्चच्या आवारात, बालवाडीच्या ओट्याजवळ, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ मुंग्या असल्या तर त्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. वर दिसतात त्या मुंग्या मारून काही होत नाही, कारण राणी खाली बिळात असते आणि अंडी घालत राहते. तिच्यापर्यंत पोहोचायचा मार्ग म्हणजे कामकरी मुंग्यांनीच आमिष आत नेणे.

त्यासाठी बोरिक पावडर वापरता येते. ती औषधाच्या दुकानात मिळते. अर्धा लिटर कोमट पाण्यात सपाट एक चहाचा चमचा बोरिक पावडर आणि तीन-चार मोठे चमचे साखर विरघळवावी. पावडर जास्त घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. आमिष जहाल झाले तर मुंगी वाटेतच मरते आणि बिळात काहीच पोहोचत नाही. कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून झाकणाच्या डबीत ठेवावा, डबीला मुंगी जाईल एवढी बारीक भोके पाडावीत आणि डबी रांगेच्या कडेला ठेवावी. पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसतात. त्यांना तसेच येऊ द्यावे. आठवडाभरात रांग विरळ होते. डबीवर ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ती मुले, कोंबड्या, कुत्री यांच्यापासून दूर, दगडाखाली किंवा जाळीखाली ठेवावी. उरलेले पाणी झाडाच्या मुळाशी ओतू नये, बोरिक जास्त झाले की झाड करपते.

सगळ्या मुंग्यांना साखर आवडते असे नाही. चावणाऱ्या लाल मुंग्या पुष्कळदा तेलकट पदार्थांकडे आधी जातात. म्हणून आम्ही पाड्यांवर एक सोपी परीक्षा करतो. एका पानावर चिमूटभर गूळ आणि दुसऱ्यावर सुकटीचा तुकडा किंवा भाजलेला शेंगदाणा ठेवायचा आणि अर्ध्या तासाने कुठे गर्दी आहे ते पाहायचे. शेंगदाण्याकडे गर्दी असेल तर बोरिक पावडर अगदी थोडी, शेंगदाण्याच्या कुटात मिसळून ठेवायची.

झाडापासून लांब, मोकळ्या जागेत बीळ असेल तर उकळते पाणी ओतूनही काम होते. ते दोन-तीन वेळा करावे लागते. मात्र झाडाच्या मुळांवर उकळते पाणी ओतू नये, आणि हे काम मुलांना सांगू नये.

अन्नाच्या बाबतीत आपल्या आयांची पद्धत अजून सर्वांत चांगली. दुधाचे पातेले पाण्याच्या ताटात ठेवणे, फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे. त्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा म्हणजे मुंगी त्यावरून तरंगत जात नाही. पाणी मात्र चार दिवसांनी बदलावे, नाही तर डासांची पैदास होते.

मुंगी चावली तर जागा साबणाने धुवावी आणि खाजवू नये. डोळ्यात मुंगीचे आम्ल गेले तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा. चावल्यानंतर चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा.

वाळवी ही मुंगी नव्हे

पाड्यांवर बऱ्याचदा ‘मुंग्यांनी कलम खाल्ले’ असे सांगतात आणि पाहायला गेले तर ती वाळवी असते. दोन्ही घोळक्याने राहतात, म्हणून गल्लत होते. मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशांना कोपर असल्यासारखा बाक असतो. वाळवीची कंबर जाड, अंग फिक्कट आणि मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या. ती उघड्यावर चालत नाही, खोडावर मातीचे बोगदे करून त्यांतून चढते. ज्याला आपण मुंग्यांचे वारूळ म्हणतो तेही मुळात वाळवीनेच बांधलेले असते.

वाळवीसाठी उपाय वेगळा. कलम लावताना पूर्ण कुजलेले शेणखतच घालावे, कारण कच्चे खत आणि काटक्या यांना वाळवी येते. उन्हाळ्यात मातीत ओल राहील असे पाहावे. खोडावरचे मातीचे बोगदे खरवडून काढावेत आणि मेलेली फांदी, जुने खुंट बागेत ठेवू नयेत. जोम धरलेल्या झाडाची वाळवी बहुधा फक्त वाळकी साल खाते. सुकत चाललेले कोवळे कलम मात्र ती मारते.

आणि वाळवीचा मोठा शत्रू कोण? मुंगी. वाळवीचे बोगदे फुटले की मुंग्या आत शिरून तिला उचलून नेतात. बागेतल्या सगळ्या मुंग्या सरसकट मारल्या तर वाळवीला रान मोकळे होते.

काजूवरच्या लाल मुंग्या

आता त्या छायाचित्रातल्या काजूकडे येते. त्यावरच्या मुंग्या पानांची घरटी करणाऱ्या तांबूस मुंग्या होत्या. त्या मारायच्या नाहीत, असे आम्ही त्या कुटुंबाबरोबर बसून ठरवले आहे.

काजूचा मुख्य शत्रू ढेकण्या. डासासारखा दिसणारा हा किडा कोवळी पालवी, मोहोर आणि बोंडाखालची कोवळी बी यांत सोंड खुपसतो. टोचलेली जागा काळी पडते आणि मोहोर जळाल्यासारखा होतो. त्याचा जोर पावसाळा संपून नवी पालवी फुटते तेव्हापासून मोहोर आणि फळधारणा होईपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च या काळात असतो. आमची कुटुंबे वीटभट्टीवर असतात तो नेमका हाच काळ. फवारणीचे वेळापत्रक कितीही चांगले लिहून दिले तरी फवारायला घरी माणूस नसतो. घरात म्हातारी आजी आणि दोन नातवंडे असतात.

या तांबूस मुंग्या दिवसभर झाडावर गस्त घालतात आणि ढेकण्या, अळ्या, तुडतुडे जे सापडेल ते घरट्यात ओढून नेतात. त्यांची वस्ती एका झाडापुरती नसते. एकाच राणीची प्रजा शेजारशेजारच्या अनेक झाडांवर पसरलेली असते. पाने शिवायला त्या आपल्याच अळ्यांच्या तोंडातून निघणारा रेशमाचा धागा वापरतात. अळीला सुईसारखे पानाच्या या कडेवरून त्या कडेवर नेतात. मुलांना हे दाखवले की ती तासभर झाडाखालून हलत नाहीत.

ही राखण नवी नाही. चीनमध्ये इ.स. ३०४ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका वनस्पतीविषयक ग्रंथात, संत्र्यासारख्या फळांच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी पिशवीत घालून बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. किडींवर किडींनीच उपाय करण्याची ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. अलीकडच्या काळात उत्तर ऑस्ट्रेलियात रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन या संशोधकांनी काजूच्या बागांत या मुंग्यांचा अभ्यास केला. मुंग्यांनी व्यापलेल्या झाडांवर ढेकण्याचे नुकसान कमी राहते, असे त्यांना दिसले. आफ्रिकेत बेनिनमध्ये याच कुळातल्या मुंग्या आंब्याची फळमाशी दूर ठेवतात.

आदिवासी समाजाला या मुंग्या अनोळखी नाहीत. गडचिरोली-बस्तर भागात माडिया आणि गोंड कुटुंबे त्यांची आंबट चटणी करतात, बस्तरात तिला चापडा म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातील सिमिलीपाल काई चटणीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आम्ही कोणाला नवीन शिकवत नाही. लोकांना ज्याची ओळख आहे, त्याचा बागेत उपयोग कसा करावा एवढेच बोलतो.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. या मुंग्यांना डंख नसतो, पण त्या कडकडून चावतात आणि चावलेल्या जागी आम्ल सोडतात. आंब्यावर त्या खवले किडीची राखणही करतात, त्यामुळे आंब्यावर त्या फार झाल्या आणि पाने चिकट दिसू लागली तर काही घरटी काढावी लागतात. काजूत तोडणीचा त्रास कमी, कारण पिकलेली बोंडे खाली पडतात आणि बी जमिनीवरून वेचता येते. आंबा उतरवताना मात्र झाडावर न चढता खालून झेल्याने काढावा, सकाळी गारव्यात काम करावे आणि हातापायांना कोरडी राख चोळावी. राखेवरून मुंगीला नीट चढता येत नाही.

मुंग्या नसलेल्या काजूवर त्यांना आणायचे असेल तर पहाटे घरट्यासकट डहाळी कापून गोणीत घालावी आणि दुसऱ्या झाडावर बांधावी. त्या झाडावर आधीच दुसऱ्या राणीची वस्ती असेल तर दोघींच्या प्रजेत लढाई होते आणि दोन्हीकडच्या मुंग्या मरतात. अशा दोन वस्त्यांच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकू देऊ नयेत. एकाच वस्तीची झाडे लांब असतील तर मधे सुतळी बांधून द्यावी, मुंग्या तिच्यावरून ये-जा करतात. अशा काजूला अर्थातच ग्रीसची पट्टी बांधू नये.

विषाचा हिशेब

आपण विचाराल, एक फवारणी केली तर एवढे काय बिघडते? याच ढेकण्यासाठी केरळमधल्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या मोठ्या बागांवर १९७० च्या दशकाच्या शेवटापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले गेले. बागांखाली वस्त्या होत्या, विहिरी होत्या. तिथल्या मुलांतील व्यंगे आणि दुर्धर आजार यांमुळे लोकांनी अनेक वर्षे लढा दिला. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या औषधाचे उत्पादन, विक्री आणि वापर देशभर थांबवला. जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

आमच्या वाड्या त्या बागांएवढ्या नाहीत, पण घर वाडीतच असते. विहीर उताराच्या खाली असते. पूर्वी मुळाशी सर्रास टाकले जाणारे फोरेटचे दाणे इतके जहाल होते की सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यांवर बंदी घातली. तरी जुना साठा कुठे कुठे माळ्यावर पिशवीत बांधून ठेवलेला सापडतो. मुंग्यांचा पांढरा खडूही कीटकनाशकच असतो, आणि अंगणवाडीतल्या मुलाला तो पाटीवर लिहायचा खडू वाटतो. म्हणून घरोघरी जाताना आमचे कार्यकर्ते आता हे दोन्ही विचारतात : माळ्यावर काय आहे, आणि मुलांच्या हाताला काय लागते.

आपण काय करू शकता?

औषधाच्या वर्गणीऐवजी एक वेगळी मदत मागते, आणि ती फारशी पैशांची नाही.

जव्हार-मोखाड्यात पाऊस फार, त्यामुळे कडुनिंब कमी. निंबोळी आम्हाला बाहेरून आणावी लागते. याउलट अहिल्यानगर, सोलापूर, जालना, छत्रपती संभाजीनगर या कोरड्या भागांत चर्चच्या, शाळांच्या आवारांत मोठमोठे कडुनिंब उभे आहेत आणि पावसाच्या तोंडाशी त्यांखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. तरुण संघाने, महिला मंडळाने किंवा संडेस्कूलच्या मुलांनी दोन शनिवार काढून त्या गोळा कराव्यात. पिकलेला गर पाण्यात चोळून काढावा, बी धुवावे आणि सावलीत पूर्ण वाळवावे. ओले बी लगेच बुरशी धरते. वाळलेले बी कापडी किंवा गोणपाटाच्या पिशवीत भरावे, प्लास्टिकमध्ये भरू नये. पिशवीवर गोळा केल्याचा महिना लिहावा, कारण जुने झाले की त्याचा जोर कमी होतो. आपल्या विभागाच्या प्रतिनिधीकडे पिशव्या दिल्या की पुढच्या फेरीबरोबर त्या इकडे येतील आणि पावसाळ्यानंतर नवी पालवी फुटेल तेव्हा उपयोगी पडतील.

दुसरी मदत म्हणजे छाटणीच्या करवती. गावात एक चांगली करवत असली तर ती पाड्यावरच्या सगळ्या वाड्यांत फिरते.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या अंगणासाठी. या आठवड्यात मुंग्या लागलेले एक झाड निवडावे, मुलांना बरोबर घ्यावे आणि रांग कुठे जाते ते शेवटपर्यंत पाहावे. जे दिसेल ते आम्हाला कळवावे, चिकट पान असो, घरटे असो वा वाळवीचा बोगदा. पुढच्या अंकात आपल्या निवडक पत्रांना उत्तरे देईन.

त्या छायाचित्रातल्या काजूला या वर्षी दुसऱ्यांदा मोहोर येईल. घरातली कर्ती माणसे तेव्हा भट्टीवर असतील. आजी आणि मुले इथेच असतील. त्यांच्यासाठी, आणि भट्टीवर गेलेल्यांसाठीही, आपल्या प्रार्थनेत जागा असू द्यावी.